कोच फुकट शिकवतात म्हणून काहीही चालवून घ्यायचं का?

प्रश्न : मुलगा १० वर्षांचा आहे, फुटबॉल क्लबच्या अंडर-११ टीममधे खेळतो. कोच एक पैसा न घेता शिकवतात त्यामुळे त्यांना कोणी काही बोलत नाही. पण मॅचभर ओरडणं चालू असतं, "पास दे, अरे पास दे, लक्ष कुठंय तुझं", आणि एखाद्याचा पाय चुकला की लगेच त्याला बाहेर बोलावून घेतात. मागच्या मॅचला रेफ्रीवर पण धावून गेले, आणि रेफ्री म्हणजे जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. बाकीचे पालक म्हणतात यानेच शिस्त लागते. आमच्याकडे आता मॅचच्या आदल्या रात्री पोट दुखायला लागलंय. बोलावं का? आणि बोललो तर मुलाला बेंचवर बसवतील अशी भीती वाटते.

उत्तर : बोला, आणि पुढच्या मॅचच्या आधी बोला.

वेळेवर येणं, शिनगार्ड घालणं, शिट्टी वाजली की थांबणं, ही शिस्त. त्याबाबत कोच कडक असेल तर उलट चांगलंच. पण चुकलं की बाहेर, यातून मूल एकच गोष्ट शिकतं, की बॉल आपल्याकडे न आलेलाच बरा. पुढच्या मॅचला बॉलकडे न बघता फक्त मुलांकडे बघा. घाबरलेलं मूल बॉल पायात आल्या आल्या आधी साइडलाइनकडे बघतं आणि मग जमेल तिकडे लाथ मारून मोकळं होतं, नाहीतर समोरच्या डिफेंडरच्या मागे असं उभं राहतं की त्याला पास देताच येऊ नये. मग हेच कोच म्हणतात पोरं पुढाकार घेत नाहीत! कुठून घेतील?

यावर अभ्यास झालेला आहे. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल कोचेसना थोडंसंच ट्रेनिंग दिलं, मेहनतीचं कौतुक करा, चूक झाली की आधी धीर द्या मग कसं करायचं ते सांगा, शिक्षा नको, एवढंच. १९९२ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षात अशा कोचेसकडची साधारण ५ टक्के मुलं पुढच्या सीझनला खेळ सोडून गेली आणि ट्रेनिंग न घेतलेल्यांकडची २६ टक्के. आणि जिंकण्या-हरण्यात दोन्हीकडे फारसा फरक नव्हता, म्हणजे ओरडल्याशिवाय टीम जिंकत नाही हे म्हणणंच टिकत नाही.

बाहेर काढण्याबद्दल कोचना सुचवण्यासारखं एक आहे. मुलांच्या फुटबॉलमधे, आयोजकांनी परवानगी दिली असेल तर, बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो. मग मॅचच्या आधीच ठरवून टाकायचं ना, अमुक मिनिटाला हे दोघं बाहेर आणि ते दोघं आत, चूक असो वा गोल. बाहेर येणं ही शिक्षाच राहत नाही, सगळ्यांना खेळायलाही मिळतं.

रेफ्रीचं मात्र मी हलक्यात घेणार नाही. २०१९ पासून फुटबॉलच्या नियमात कोचलाही यलो (ताकीद) आणि रेड (मैदानाबाहेर) कार्ड दाखवता येतं. खिजवायला टाळ्या वाजवल्या, बाटली भिरकावली तर यलो, शिवीगाळ केली तर रेड, आणि नक्की कोण बोललं ते कळलं नाही तर तिथल्या मुख्य कोचला कार्ड मिळतं. पण सोळा वर्षांच्या पोराने बापाच्या वयाच्या माणसाला कार्ड दाखवायचं म्हणजे केवढी हिंमत लागत असेल, म्हणून हे त्याच्यावर सोडू नका, क्लबनेच कोचला समज द्यायला हवी.

आता बोलायचं कसं. मॅच संपल्या संपल्या नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नको. दुसऱ्या दिवशी फोन करा, जे बघितलंत तेवढंच सांगा, पोट दुखतंय हेही सांगा, आणि एक हाफ फक्त शाबासकी द्यायला तोंड उघडून बघाल का असं विचारा. बरेच कोच ऐकतात, कारण त्यांना स्वतःला आपण किती ओरडतोय हे कळतच नसतं. नाही ऐकलं तर क्लब कमिटीकडे जा आणि कोचसाठी वागण्याचे नियम लेखी आहेत का विचारा, नसतील तर करायला लावा. तक्रार केली म्हणून मुलाला बसवलं तर ती दुसरी, आणि जास्त गंभीर तक्रार. मारहाण किंवा नको तिथे हात लावणं असा प्रकार असेल तर मात्र कोचशी बोलत बसू नका, थेट क्लब आणि पोलीस.

ते फुकट शिकवतात याची जाणीव जरूर ठेवा, पण पोरांना घाबरवायची मुभा त्यातून मिळत नाही.

प्रश्न : मी यंदा पहिल्यांदाच मुलींच्या अंडर-१४ टीमला कोचिंग करतोय. एक खेळाडू रात्री पर्सनल मेसेज करते, सर मला का नाही घेतलं वगैरे. आणि एकीचे आईबाबा प्रॅक्टिसनंतर नेहमी उशिरा येतात, तिला मी गाडीने घरी सोडू का?

उत्तर : एकटीला गाडीत नको. शेवटचं मूल जाईपर्यंत दोन मोठी माणसं ग्राउंडवर थांबणार हे आत्ताच ठरवा आणि त्या आईबाबांना स्पष्ट सांगा की वेळेवर या. मेसेजला "उद्या प्रॅक्टिसला सांगतो" एवढंच उत्तर द्या, तिच्या पालकांना कळवा आणि यापुढे सगळं बोलणं पालक असलेल्या ग्रुपवरच. मेसेज डिलीट करू नका. चेंजिंग रूममधे तुम्ही जायचं नाही, एखादी आई किंवा महिला कोच असू दे. हे तुमच्यावर संशय म्हणून नाही, चांगल्या कोचने हे पाळलं की कोणी वेगळं वागलं तर ते लगेच डोळ्यावर येतं. आणि का नाही घेतलं हे तिला दुसऱ्या दिवशी खरंच सांगा, सगळ्यांना दिसेल अशा जागी पण चारचौघांना ऐकू जाणार नाही असं, तिला ते कळायलाच हवं.

प्रश्न : मी १५ वर्षांचा आहे. हेडर मारताना डोकं आपटलं, गरगरत होतं, कोच म्हणाले काही नाही होत, खेळ. मी खेळलो. बरोबर केलं का?

उत्तर : तुला खेळवायलाच नको होतं, आणि ही चूक तुझी नाही, त्यांची आहे. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, धूसर दिसलं किंवा काय झालं ते आठवत नसलं की त्या दिवशी परत उतरायचंच नाही, मग फायनल का असेना. लक्षणं एक-दोन दिवसांनीही येऊ शकतात म्हणून घरी आजच सांग, डॉक्टरांना दाखव आणि ते हो म्हणेपर्यंत प्रॅक्टिसही बंद. उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली किंवा खूप झोप येऊ लागली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. पुन्हा कधी असं झालं तर कोच काहीही म्हणू देत, तू खाली बस आणि रेफ्रीला हात कर, त्याला खेळ थांबवता येतो.