हायड्रिया म्हणजे सुरई की घागर?

ग्रीक भांड्यांच्या फोटोखाली कुठे हायड्रिया, कुठे अँफोरा तर कुठे काल्पिस असं लिहिलेलं असतं, यात फरक काय आणि मराठीत सरसकट सुरई म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आलाय. सुरई नको असं माझं स्पष्ट मत. सुरई घरात एका जागी बसून पाणी गार ठेवते, हायड्रिया घेऊन बायका पाण्याला जायच्या, म्हणजे ती घागरच.

ओळखायचं सोपं आहे, कान म्हणजे धरायच्या कड्या मोजायच्या. अँफोराला दोन उभे कान असतात आणि त्यात मुख्यतः वाइन, तेल असले जिन्नस ठेवत. हायड्रियाला तीन कान, पोटाच्या दोन बाजूंना दोन आडवे, ते भरलेली घागर उचलायला, आणि मागे मानेपासून खांद्यापर्यंत एक उभा, तो पाणी ओतताना किंवा रिकामी घागर हातात न्यायला. नाव 'हुदोर' म्हणजे पाणी यावरून आलंय, आपल्या 'उदक'शी त्याचं मुळातलं नातं आहे.

हे नाव आजच्या अभ्यासकांनी चिकटवलेलं नाही बरं का. फ्लॉरेन्सच्या म्युझियममध्ये इ.स.पू. ५७० च्या सुमाराचं फ्रांस्वा पात्र नावाचं ग्रीक भांडं आहे, त्यावर ग्रीक वीर अकिलीस ट्रॉयच्या राजपुत्राचा, ट्रोइलोसचा, पाठलाग करतोय असं चित्र आहे, ट्रोइलोस घोड्यावरून पळतोय, बहीण पॉलिक्झेना पुढे धावतेय, तिच्या हातून सुटलेली घागर घोड्याखाली पडलीये आणि त्या घागरीवर चित्रकाराने चक्क 'हायड्रिया' असं नाव लिहून ठेवलंय! यापेक्षा मोठा पुरावा काय हवा.

वापर बघायचा असेल तर इ.स.पू. ५२० ते ५०० च्या आसपासच्या अथेन्सच्या हायड्रिया बघा, त्यांच्यावरच पाणवठ्याची चित्रं आहेत, खांबांचं बांधकाम, सिंहाच्या तोंडातून पडणारी धार, खाली लावलेली घागर. येणाऱ्या बायकांच्या डोक्यावर रिकामी घागर आडवी ठेवलेली आणि भरून जाणाऱ्यांच्या डोक्यावर उभी, खाली चुंबळ. मला तर हा आडव्या-उभ्याचा बारकावा फार आवडतो, कोण येतंय कोण जातंय ते लगेच कळतं.

काल्पिसचं म्हणाल तर ती हायड्रियाच. जुन्या हायड्रियाची मान आणि खांदा वेगळे दिसतात, मध्ये कोन असतो, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या शेवटी काठापासून पोटापर्यंत एकसलग गोलाई असलेला आकार आला, त्याला अभ्यासक काल्पिस म्हणतात. पण ही विभागणी आजच्या सोयीची आहे, शब्द जुनाच, होमरच्या ओडिसी या महाकाव्यात सातव्या सर्गात अथेना देवी काल्पिस घेतलेल्या मुलीच्या रूपात ओडिसियसला भेटते.

पाण्याशिवायही उपयोग होते. ब्राँझच्या हायड्रिया स्पर्धांमध्ये बक्षीस द्यायचे, आर्गोसच्या हेरा देवीच्या उत्सवातलं बक्षीस असं कोरलेली एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. अलेक्झांड्रियाजवळ हाद्रा इथल्या स्मशानात मिळालेल्या हायड्रियांमध्ये तर अस्थी ठेवलेल्या होत्या, तिथे भाषांतरात अस्थिकलश लिहिलं तर बरोबरच.

फक्त लग्नाच्या आंघोळीचं पाणी आणायचं लांब मानेचं भांडं वेगळं, त्याला लुत्रोफोरोस म्हणतात, त्याला हायड्रिया म्हणू नका. हायड्रियासाठी 'तीन कानांची घागर' असं लिहा, वाचणाऱ्याला आकारही कळेल आणि कामही.