टोमॅटोचे बूड काळे, मिरचीची पाने वाकडी

प्रश्न : आमच्या गच्चीवरील कुंड्यांत टोमॅटो बुडाशी काळे पडत आहेत आणि मिरचीची पाने आकसली आहेत. कोणती फवारणी करावी? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : टोमॅटोवर कोणतीही फवारणी नको. हा संसर्ग नसून फळाला कॅल्शियम कमी पडल्याचा परिणाम आहे, आणि मातीत ते पुरेसे असले तरी कुंडी कधी कोरडी ठणठणीत, कधी चिंब राहिली की मुळांना ते फळापर्यंत पोहोचवता येत नाही. बोट पेरभर खुपसून माती कोरडी लागताच तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे, वर वाळक्या पानांचे आच्छादन घालावे आणि युरिया टाळावा. अंड्यांची टरफले कुजायला महिनोन्‌महिने लागत असल्याने त्यांचा तातडीने उपयोग होत नाही.

मिरचीचा चुरडा-मुरडा, म्हणजे पाने आकसणे, वेगळा. पाने वरच्या बाजूस वळली असल्यास बहुधा फुलकिडे, खाली वळली असल्यास कोळी ही अतिसूक्ष्म कीड. दोन्हींसाठी निंबोळी अर्क संध्याकाळी पानांच्या खालून फवारावा.