कुंडीत पाणी तुंबलं की टोमॅटो मरतो पण भात पाण्यातच वाढतो, मुळांना ऑक्सिजन कमी झालाय हे कळतं कसं? त्यांचे जीन्स बदलतात का?

बॉटनी शिकलेय म्हणून उत्तर देते. घणसोलीत आमच्या ग्रिलमध्येपण जुलैत हेच चालू असतं, टोमॅटो माना टाकून बसलेले आणि तिकडे शहापूरला मामाच्या खाचरात भात मस्त पाण्यात उभा.

जीन्स बदलत नाहीत हो, आहेत तेच चालू-बंद होतात. पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण 10,000 पट हळू पसरतो, त्यामुळे माती चिंब झाली की उरलासुरला मुळंच संपवून टाकतात. आता गंमत बघा, पेशी ईआरएफ-सात गटातली प्रोटीन्स (जीन्स चालू करणारी) कायम बनवत असते आणि बनवली की लगेच मोडत असते. त्यांच्या टोकाला सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं, पीसीओ नावाचं एन्झाइम ऑक्सिजन वापरून त्यावर जणू शिक्का मारतं आणि शिक्का बसला की प्रोटीन मोडीत. ऑक्सिजनच नाही तर शिक्का कशाने मारणार? मग ते प्रोटीन टिकतं आणि एडीएच, पीडीसी वगैरे अल्कोहोल बनवणाऱ्या एन्झाइम्सचे जीन्स चालू करतं. वरवर उधळपट्टी वाटते, पण ऐनवेळी शून्यापासून काही बनवत बसावं लागत नाही. 2011 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात दोन पेपर आले त्यातून यातलं मुख्य कळलं, अरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या भाऊबंदावर; पीसीओ एन्झाइम मात्र नंतर, 2014 मध्ये सापडलं.

हे जीन्स चालू झाले की मुळात चक्क अल्कोहोल बनतं. पण एका ग्लुकोजमागे एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) फक्त 2, एरवी 30 च्या आसपास मिळतात, म्हणजे नुसती वेळ मारून नेणं.

ही सोय टोमॅटोतही आहे. भाताची खरी कमाई मुळाच्या बांधणीत आहे, आत हवेच्या पोकळ्या आधीपासूनच असतात (मका-गव्हात त्या बहुतेक पाणी साचल्यावर, इथिलीन या वायुरूप हार्मोनमुळे पडतात) आणि पाणी साचून राहिलं की बाहेरच्या थरात सुबेरिन हा मेणचट पदार्थ भरून हवेची गळती बरीचशी बंद, हवा थेट टोकापर्यंत. खाचरातून एक रोप उपटून बघा, चिखल काळपट आणि मुळांवर तांबूस गंज दिसेल, जो थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपतो त्याने चिखलातलं लोह गंजतं.

अख्खं रोपच बुडालं तर मात्र साधा भातही मरतो. तिथे सब1ए हा जीन, ओडिशाच्या एफआर13ए जातीतला, रोपाला वाढ थांबवून साखर जपायला लावतो आणि ते दोनेक आठवडे तग धरतं. स्वर्णा-सब1 ही जात त्यातूनच आली. आपल्याकडच्या पनवेल-1 वगैरे जाती खाऱ्या जमिनीसाठी आहेत, त्यात गल्लत नको.

आणि टोमॅटोची पानं खाली वाकतात त्याला पाणी कमी पडलं असं समजून अजून पाणी घालू नका!! गुदमरलेल्या मुळात एसीसी (इथिलीनचा कच्चा माल) साठतं, त्याचं इथिलीन करायला ऑक्सिजन लागतो जो तिथे नाही, म्हणून ते वर पानात जातं, तिथे इथिलीन होतं आणि देठ वाकतात. कुंडीखालची ताटली काढा आणि भोक बुजलंय का ते काडी घालून बघा.