आधी मेडिकल, मग कर्ज

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या वैमानिकाच्या शिक्षणासाठी बाबा कलमांची बाग गहाण टाकायला निघालेत हे वाचून धस्स झालं, म्हणून आधी तेवढंच लिहितो. क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीचा दाखला, हातात पडेपर्यंत बँकेची पायरी चढू नका. रंग ओळखण्यातला दोष किंवा कानाची बारीकशी तक्रार घरात कोणाच्या लक्षातही येत नाही, पण वैमानिकाची वाट तिथेच अडते. फ्लाइंग क्लबची फी भरून झाल्यावर हे कळलेली पोरं मी पाहिली आहेत.

बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहेच. नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन्स या डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) पेपरांचा अभ्यास घरी बसून होतो. पासिंग मात्र ७० टक्क्यांना. कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं. त्यानंतर टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक जातीचं विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा, खर्च वेगळा, तो एजंट आधी सांगत नाहीत. आणि लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे. भरती कधी धो धो, कधी वर्ष वर्ष कोरडी. ‘मुलीला झेपेल का’ म्हणणाऱ्या आत्याला सांग, कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ सालीच कोलकात्याहून सिलचरला विमान नेलं, अख्खा क्रू बायकांचा घेऊन.

इतकी वर्षं उडून काय शिकलात, असं विचारलंस. परत फिरायला शिकलो. जुलैतली मुंबई, वायपर सपासप फिरतायत, शेजारी को-पायलट उंचीचे आकडे म्हणतोय. साध्या आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीवर उतरायची वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर, २०० फुटांपर्यंत धावपट्टीचे दिवे दिसायला हवेत. नाही दिसले तर ‘अजून जरा खाली बघू’ नाही. थ्रॉटल पुढे, नाक वर, चाकं आत. मागे लोक वैतागतात, कोणाचं पुढचं विमान चुकतं. चुकू दे. त्याची सोय निघतानाच केलेली असते: दुसऱ्या विमानतळापर्यंत पोचायचं इंधन, आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं आणखी.

निवृत्त होऊन हर्णैला आलो तेव्हा हे इथे कोणाच्या उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पण बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळाचा इशारा, लागल्यावरही बोट काढणारा तांडेल (बोटीचा प्रमुख) त्याच पेचात असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बंदरावर सगळ्यांना सवड असते. त्या दिवसांत आम्ही एक कार्ड तयार केलं, प्लास्टिकमध्ये घालून केबिनमध्ये टांगायचं. लाइफ जॅकेट माणशी एक आहे का, वायरलेस १६ नंबरवर ऐकू येतो का, कुठे निघालो ते किनाऱ्यावर कोणाकडे लिहून ठेवलं का. शेवटची ओळ माझ्या हट्टाची: हर्णैला लागता आलं नाही तर आंजर्ले, दाभोळ की जयगड, आणि तिथवरचं डिझेल आहे का? आंजर्ल्याच्या खाडीत शिरायचं तर भरती बघावी लागते, ते त्यांनीच मला शिकवलं.

एक म्हातारा तांडेल म्हणाला, “साहेब, तुम्ही मागे फिरलात तरी पगार चालू. आमचं बर्फ नि डिझेल उधारीवर.” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. कार्ड मात्र तो घेऊन गेला.

तटरक्षक दलाचा १५५४ नंबर आता इथल्या पोरासोरांना पाठ आहे. या पोरांकडून वायरलेसचा सरावही करून घेतो, पण सेट बंद ठेवून; १६ नंबर संकटासाठी मोकळा राहायला हवा. समोरचा बोलेल ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, ‘हो हो, कळलं’ चालत नाही. तुलाही आरटीआरच्या, म्हणजे रेडिओवर बोलण्याच्या परवान्याच्या, परीक्षेत हेच करायचं आहे, तेव्हा सुट्टीत ये आणि त्यांच्यात बस. पोरं रविवारी सकाळी लवकर जमतात, म्हणून शनिवारीच मुक्कामाला ये.

तुझा,
काका