४ ओहमचे दोन ड्युअल कॉइल सबवूफर २ ओहमच्या मोनोब्लॉकला कसे जोडायचे?

तुमच्याकडे गाडीत लावायला १२ इंची दोन सबवूफर (बेसचे स्पीकर) आहेत, प्रत्येकात ४ ओहमच्या दोन कॉइल. अ‍ॅम्प मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा, २ ओहमला ५०० वॉट आणि ४ ओहमला ३०० वॉट देणारा. दुकानदार म्हणतो सगळं पॅरलल करा (सगळे प्लस एकत्र, सगळे मायनस एकत्र), बेस जोरात येईल. कृपा करून तसं करू नका.

चार कॉइल पॅरलल जोडल्या की ४ भागिले ४, म्हणजे १ ओहम होतो. तुमचा अ‍ॅम्प २ ओहमच्या खाली चालण्यासाठी बनवलेलाच नाही. ओहम निम्मे झाले की तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट ओढला जातो आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापतात. कमी आवाजात सगळं ठीक वाटतं, म्हणूनच ही जोडणी फसवी आहे. आवाज वाढवला की अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद होतो आणि प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो, आणि तोही नशीब चांगलं असेल तर.

आता खरी अडचण. या दोन सबवूफरचे मिळून २ ओहम होतच नाहीत. सगळ्या कॉइल सारख्याच वापरायच्या तर १, ४ किंवा १६ ओहम एवढेच पर्याय निघतात. तुम्हाला ४ घ्यावा लागेल.

त्यासाठी प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल आधी सिरीजमध्ये घ्या. पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला जोडा. उरलेला प्लस आणि उरलेला मायनस अ‍ॅम्पकडे न्या. एका सबवूफरचे ८ ओहम झाले. असे दोन्ही सबवूफर अ‍ॅम्पला पॅरलल लावले की ४ ओहम. उलट क्रमाने, म्हणजे कॉइल पॅरलल आणि सबवूफर सिरीज, असं केलं तरी उत्तर ४ च येतं; पण मी पहिलीच पद्धत सुचवेन, कारण त्यात एका सबवूफरची कॉइल उडाली तरी दुसरा वाजत राहतो.

बऱ्याच मोनोब्लॉकवर स्पीकरच्या टर्मिनलच्या दोन जोड्या असतात. त्या आतून एकमेकींना पॅरलल जोडलेल्या असतात, ते दोन वेगळे चॅनेल नव्हेत. त्यामुळे एकेक सबवूफर २ ओहमवर करून वेगवेगळ्या जोडीला लावला, तरी अ‍ॅम्पला १ ओहमच दिसतो. इथे खूप जण अडकतात.

३०० वॉटच मिळणार म्हणून हळहळू नका. ५०० वरून ३०० म्हणजे जेमतेम २.२ डेसिबल कमी. एकच सबवूफर २ ओहमवर पूर्ण ताकदीने लावण्यापेक्षा दोन सारखे सबवूफर शेजारी शेजारी लावले, तर तेवढ्याच एकूण वॉटला साधारण ३ डेसिबल जास्त मिळतात. हिशोब उलट तुमच्या बाजूने पडतो. शिवाय प्रत्येक सबवूफरला १५० वॉटच झेलायचे असल्यामुळे कॉइल कमी तापतात आणि बेस स्वच्छ राहतो. माझ्या मते डिकीत बसवायला हीच जोडणी उत्तम आहे.

अ‍ॅम्पला वायर लावण्याआधी मल्टिमीटर जरूर लावा. कॉइलचा डीसी रेझिस्टन्स छापील ओहमपेक्षा थोडा कमीच असतो, तेव्हा दोन्ही सबवूफर मिळून ३ ते ३.८ च्या आसपास आकडा दिसला तर जोडणी बरोबर आहे. १ च्या खाली दिसला तर सगळं पॅरलल झालंय, १३-१४ दिसला तर सगळं सिरीज. प्लस-मायनस मात्र मीटर सांगणार नाही. त्यासाठी १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा; दोन्ही सबवूफरचे कोन (पुढेमागे हलणारे पडदे) एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक सबवूफर उलटा असेल तर दोघे एकमेकांचा बेस खाऊन टाकतात. एकाच सबवूफरमधली एक कॉइल उलटी असेल तर ते जास्त वाईट: कोन जवळजवळ हलत नाही आणि सगळी पॉवर कॉइल तापवण्यात जाते.

गेनही (अ‍ॅम्प सिग्नल किती वाढवेल ते ठरवणारं बटण) मीटरनेच लावा. ३०० वॉट गुणिले ४ ओहम म्हणजे १२००, त्याचं वर्गमूळ सुमारे ३४.६. स्पीकरच्या वायर काढून ठेवा, बेस बूस्ट बंद करा, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवून ५० हर्ट्झचा टोन वाजवा आणि टर्मिनलवर ३४ एसी व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. पुढे कधी २ ओहमच हवा वाटला, तर अ‍ॅम्प बदलू नका. २ ओहमच्या ड्युअल कॉइलचे सबवूफर घ्या. तेव्हाही जोडणी हीच राहील.