बीडीएस झालेल्या मुलीला हायजिनिस्टचं लायसन्स: आधी राज्य ठरवा

प्रश्न: माझी मुलगी बीडीएस आहे, इंटर्नशिपही झाली आहे. लग्नानंतर ती एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) टेक्ससला जाते आहे. पुन्हा दंतवैद्याची पदवी घेण्यापेक्षा एक परीक्षा देऊन डेंटल हायजिनिस्ट (दात-हिरड्यांची सफाई करणारी सहायक) होता येतं, असं एका परिचितांनी सांगितलं. अर्ज कुठे करायचा?

उत्तर: परिचितांनी सांगितलं ते फ्लोरिडात चालतं, टेक्ससमध्ये नाही. आणि फ्लोरिडातही परीक्षा एक नाही, तीन आहेत.

अमेरिकेत हे लायसन्स केंद्र सरकार देत नाही, त्या-त्या राज्याचं डेंटल बोर्ड देतं. टेक्सससह बहुतेक राज्यांची पहिली अट म्हणजे ‘कोडा’ची (दंतशिक्षण तपासणाऱ्या तिथल्या संस्थेची) मान्यता असलेला डेंटल हायजिनचा अभ्यासक्रम. बीडीएसचं शिक्षण त्याहून मोठं आहे हा युक्तिवाद बोर्डापुढे टिकत नाही, कारण तिथे पदवीचं नाव आणि मान्यता पाहतात. फ्लोरिडाच्या कायद्यात मात्र परदेशी दंतवैद्यांना हायजिनिस्टच्या परीक्षेला बसायची मुभा आहे.

जावयांची नोकरी टेक्ससमध्येच राहणार असेल, तर परीक्षेचं शुल्क भरण्याची घाई करू नका. राष्ट्रीय परीक्षा पास झाली म्हणजे लायसन्स मिळालं असं नव्हे. फ्लोरिडाचं लायसन्स घेऊन नंतर टेक्ससला जाऊ, हा बेतही बहुधा फसतो. दुसरं राज्य पुन्हा कोडाचीच पदवी मागतं.

फ्लोरिडाला जाणं शक्य असेल तर पहिलं काम कागदपत्रांचं. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) थेट ‘ईसीई’ या मूल्यांकन संस्थेकडे जावी लागते. घरच्या झेरॉक्स चालत नाहीत. हे काम मुलगी इथे असतानाच उरका, तिकडून विद्यापीठाच्या मागे लागणं फार जड जातं. सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात, शुल्कही बुडतं. म्हणून एकच नाव ठरवा आणि विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा.

मग राष्ट्रीय बोर्डाची परीक्षा, म्हणजे एनबीडीएचई. एकूण ३५० प्रश्न: २०० विषयवार आणि १५० रुग्णांच्या केसेसवर. पास होण्यासाठी ७५ हा स्केल्ड स्कोअर (प्रश्नांच्या काठिण्याप्रमाणे जुळवलेले गुण) लागतो. तो ७५ टक्के नव्हे. बीडीएसच्या मुली इथे चुकतात त्या अभ्यासाच्या निवडीत. रूट कॅनॉल आणि कवळ्यांची उजळणी करत बसतात, आणि प्रश्न येतात ते हिरड्यांच्या आजाराच्या स्टेज-ग्रेड वर्गीकरणावर, फ्लोराइडच्या मात्रेवर, सामुदायिक आरोग्याच्या पाहणीवर, हत्यारांवर. ग्रेसी क्युरेट (किटण खरवडायचं हत्यार) ११/१२ दाढांच्या पुढच्या बाजूला आणि १३/१४ मागच्या बाजूला, हे बोटांत बसलेलं असावं लागतं.

दुसरी परीक्षा एडेक्सची, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं कौशल्य पाहणारी. तिचा एक भाग संगणकावर, एक भाग हातकामाचा. अल्ट्रासॉनिकची (कंपनाने किटण काढणाऱ्या यंत्राची) सवय झालेला हात इथे अडखळतो, कारण हिरडीखालचं किटण एक्सप्लोररने शोधून, हिरडीला इजा न करता काढायचं असतं. किटण राहिलं तरी गुण जातात, हिरडी फाटली तरी जातात. हा भाग रुग्णावर द्यायचा की मॅनिकिनवर (कृत्रिम दातांच्या पुतळ्यावर), आणि बोर्ड कोणता प्रकार धरतं, हे नोंदणीआधी बोर्डाकडूनच विचारून घ्या. तिसरी परीक्षा फ्लोरिडाच्या कायदे-नियमांची. तिचा बाऊ नको.

लायसन्स मिळालं तरी भुलीचं इंजेक्शन लगेच देता येत नाही. इथे रोज ब्लॉक देणाऱ्या मुलीलाही तिथे ३० तास वर्गातलं आणि ३० तास प्रात्यक्षिक असं प्रशिक्षण घेऊन वेगळं प्रमाणपत्र काढावं लागतं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. लायसन्स म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. एच-४ वर नोकरीसाठी वेगळं वर्क परमिट लागतं, आणि ते साधारणपणे नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावरच मिळतं. हायजिनिस्टच्या जागेसाठी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळणंही अवघड, कारण या कामाला सहसा दोन वर्षांची असोसिएट डिग्रीच पुरते. एच-४ वर शिकता मात्र येतं.

त्यामुळे टेक्ससमध्येच राहायचं असेल तर दोन वर्षांचा कोडामान्य हायजिन अभ्यासक्रम हा रस्ता. पण दोन वर्षं घालवायचीच असतील, तर परदेशी दंतवैद्यांसाठीचा अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग डीडीएसही (तिथली दंतवैद्याची पदवी) त्याच कागदावर मांडून पाहा. तो बहुधा दोन ते तीन वर्षांचा असतो. शुल्क कितीतरी जास्त आणि प्रवेशाची चुरसही मोठी, पण शेवटी ती दंतवैद्य होते. माझा कल, पैशाची सोय होत असेल तर, याच बाजूला आहे.

ब्रिटनचा पर्याय कोणी सुचवला तर वेळ घालवू नका. परदेशी बीडीएसच्या जोरावर हायजिनिस्ट म्हणून नोंदणी करण्याची वाट तिथल्या जनरल डेंटल कौन्सिलकडे ८ मार्च २०२३ पासून बंद आहे.

जावयांचा आय-१४० कुठवर आला आहे, आणि कंपनी फ्लोरिडात बदली देते का, हे दोन्ही विचारून मला कळवा.