वाटेवरचे प्रश्न : कुळ्याची जीप आणि आईंचे गुडघे

प्रश्न : काका, नोव्हेंबरात आम्ही पाच जण चार दिवस गोव्याला निघालोय. मी, हे, नववीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि सासूबाई (वय ७१). एक दिवस जीपने जंगलातून दूधसागरला जायचं असा मुलांचा हट्ट आहे. ह्यांचं म्हणणं, गेल्या वर्षी एवढी उंच गाडी घेतलीय, मग जीपवाल्याला पैसे कशाला? आणि आईंचे गुडघे दुखतात, तर त्यांना त्या दिवशी हॉटेलवरच राहू दे. मला दोन्ही पटत नाही, पण वाद घालायला माहिती हवी ना! – व. कु., मिरज

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, लोक माहिती काढून वाद घालतात." असो.

आधी गाडीचं. जीप सुटतात त्या कुळ्यापासून धबधब्यापर्यंतची दहा-बारा किलोमीटरची वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते. तिथे खाजगी गाडी सोडत नाहीत, वनखात्याचं नाकं आहे. विषय संपला. पण नुसतं 'परवानगी नाही' म्हटलं तर तुमचे साहेब दिवसभर धुसफुसतील, म्हणून थोडं वर्कशॉपातलं सांगतो. एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं हात काळे केलेत, तेवढा हक्क आहे.

आम्ही २०१९ च्या नोव्हेंबरात गेलो होतो. कुळं सुटतं न सुटतं तोच पहिलं पाणी आलं. आमचा ड्रायव्हर सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगा, पायात स्लीपर. पाण्याच्या आधी थांबला, चारही चाकांना जोर देणारा दांडा टाकला, हलका गिअर घातला आणि मग गाडी सरळ न घालता तिरकी घातली. आधी डावीकडे, मधे पोचल्यावर उजवीकडे. मी पुढेच बसलो होतो, राहवेना, विचारलं, सरळ का नाही? तो म्हणाला, यंदाच्या पावसानं तिथला मोठा दगड उचलून नेलाय, आता खड्डा आहे. वरून बघितलं तर पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं. तुम्ही पैसे देता ते या माहितीचे. जीप तुमच्या गाडीपेक्षा फार भारी असते असं नाही, बहुतेक महिंद्राच्याच असतात आणि काहींचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) तर माझ्या कमरेसारखे कुरकुरतात.

पुढची गंमत बघा. पाण्यात असताना त्याने एकदाही गिअर बदलला नाही, क्लचला पाय लावला नाही, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवला. घाईने रेस केली की पुढे लाट उठते आणि बॉनेटवर चढते. रेस सोडली तर सायलेन्सरमधून पाणी आत ओढलं जायची भीती. बाहेर आल्यावर पंधरा-वीस पावलं ब्रेकवर पाय हलकेच टेकवत गेला. मागच्या बाकावरचा एक जण ओरडला, "अरे, मजेत चाललोय, ब्रेक कशाला मारतोस?" तो ब्रेक सुकवत होता. ओला ब्रेक पुढच्या उतारावर दगा देतो. हे त्याला कुणी शाळेत शिकवलं नसणार. आमच्या डेपोत असता तर मी त्याला सोडला नसता.

उलट माझा भाचा. २०२१ च्या जुलैत चंदगडकडच्या एका ओढ्यात त्याने नवी उंच गाडी घातली. पाणी बंपरला लागल्यावर घाबरला आणि रेस दाबली. एअर फिल्टरमधून पाणी थेट इंजिनात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर यायला बघतो आणि वाट नसते. गाडी बंद पडली तिथवर फार बिघडलं नव्हतं, पण ह्या शहाण्याने पुन्हा तीनदा चावी फिरवली. कनेक्टिंग रॉड वाकला. विमावाल्यांनी हात वर केले, कारण बऱ्याच साध्या पॉलिसींत हे बसत नाही, इंजिनासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. साहेबांना एवढंच विचारा, आपल्या पॉलिसीत ते आहे का? बहुधा जेवण संपेपर्यंत ते कागद शोधत बसतील, तोवर तुम्ही जीप ठरवून टाका.

जीपमध्ये साधारण सात माणसं बसवतात. तुम्ही पाच आहात, म्हणजे दोन अनोळखी सोबती तरी मिळतील, नाहीतर रिकाम्या जागांचे पैसे तुम्हीच द्यायचे. मला विचाराल तर सोबती घ्या. आमच्याबरोबर लातूरचं जोडपं होतं, त्यांच्या शेंगदाण्याच्या चटणीची आठवण अजून निघते. भाड्याशिवाय वनखात्याचं प्रवेशशुल्क आणि लाइफ जॅकेटचं भाडं वेगळं. जॅकेट सक्तीचं आहे, मुलगा नाक मुरडेल, तरी पट्टा स्वतः ओढून बघा. बुकिंगची पद्धत अधूनमधून बदलते, निघायच्या आठवड्यात चौकशी करा. रविवार टाळा. किनाऱ्यावर उतरला असाल तर पहाटेच निघा, नाहीतर जीपसाठीच्या रांगेत अर्धी सकाळ जाईल. महिना मात्र तुम्ही बरोबर निवडलाय. पावसाळ्यात जीप बंद असतात आणि साधारण ऑक्टोबरात सुरू होतात. नोव्हेंबरात पाणी भरपूर आणि चिखल बसलेला असतो. मार्च-एप्रिलात गेलात तर सुमारे ३१० मीटरच्या कड्यावरून दुधाऐवजी ताकाची धार बघायला मिळेल.

आता आईंचं. मी डॉक्टर नाही, गुडघे ज्यांना दाखवता त्यांना एकदा विचाराच. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट राहिली. त्यांना स्वतःला काय हवंय, हे कुणी विचारलंय का? एकाहत्तरीच्या बाईला गोव्यात नेऊन खोलीत टीव्हीसमोर बसवायचं, तर मिरजेचा टीव्ही काय वाईट होता?

विचारताना खरं चित्र सांगा. जीपमध्ये धक्के बसतातच. कुठे किती, हे बाकावर अवलंबून. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून खड्डा खाल्लेला माणूस हे जन्मात विसरत नाही. मागच्या चाकांच्याही मागे बसलं की गाडी तुम्हाला सुपातल्या तांदळासारखी पाखडते. आईंना मधल्या बाकावर बसवा, दोन्ही चाकांच्या मधे. मुलांना मागे टाका, त्यांना तेच हवंय. दांडी घट्ट धरायची, पाठ टेकून ताठ बसायचं नाही, जरा पुढे झुकायचं आणि दातांत जीभ ठेवून बोलायचं नाही. आमच्या हिने हा शेवटचा नियम मोडला आणि परतताना चक्क गप्प होती.

खरी परीक्षा जीप थांबल्यावर आहे, आणि ती माणसं सांगत नाहीत. जीप धबधब्याच्या पायथ्याशी जात नाही. पुढे साधारण किलोमीटरभर पायी जायचं, आणि तेही दगडांवरून, मुळांवरून, ओल्या चढउतारावरून. जाताना हुरूप असतो. येताना उतारावर गुडघा बोलतो. चालायला काठी न्या, घरातली, शोभेची नव्हे. पायाला घट्ट बसणारे, भिजले तरी चालतील असे जुने रबरी तळाचे बूट. चपला नकोत.

आमच्या हिचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. ती अर्ध्या वाटेपर्यंत आली, एक सपाट दगड बघितला, ओढ्यात पाय सोडले आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मला इथंच बरंय." आम्ही तासाभराने परतलो तर बाईसाहेब खुशीत, फक्त चिक्कीचं पाकीट माकडाने हातातून ओढून नेलेलं. (खायचं काही हातात धरून चालू नका, पिशवीतूनही वास लागतो त्यांना.) तेव्हा शेवटपर्यंत पोचलंच पाहिजे असं नाही. जीपवाले वर तासभर-दीड तास देतात, तेवढ्यात कुणीतरी एक जण आईंबरोबर थांबावं. तो 'कुणीतरी' दर वेळी सून नसावी, एवढं साहेबांना माझ्या नावाने सांगा.

आणि समजा त्या म्हणाल्या, जीप नकोच, तर दोन वाटा आहेत. एक, त्याच दिवशी मोल्याजवळच्या तांबडी सुर्लाला जा. कदंबांच्या काळातलं काळ्या पाषाणाचं महादेवाचं देऊळ, झाडीत, ओढ्याकाठी. गाडी पार जवळ जाते. दुसरी वाट मला जास्त आवडते. तुम्ही मिरजेचे, परतीला रेल्वेने या. वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्स्प्रेस कुळ्यानंतर ब्रागांझा घाट चढते. सदतिसात एक असा चढ, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, म्हणून जादा इंजिनं लागतात. गाडी धबधब्यासमोरच्या पुलावरून जाते तेव्हा नोव्हेंबरात उजेड असायला हवा, तरी वेळापत्रक तपासून घ्या. मुलं खालून बघतील, आई मधून, गुडघा न वाकवता. कपडे मात्र जीपच्या दिवशी जुने घाला, तिथली तांबडी धूळ पांढऱ्या सदऱ्यातून अजून गेलेली नाही.

प्रश्न : जीपची गर्दी नको. आम्ही चार मित्र कॅसल रॉकला उतरून रुळांवरून चालत दूधसागरला जायचं म्हणतोय. पूर्वी लोक जायचे ना? – ठाण्याचे चौघे

उत्तर : जायचे. आता जाऊ नका. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. २०२३ च्या जुलैत असे गेलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, सगळ्या महाराष्ट्राने ते मोबाइलवर बघितलं. ते सोडा. त्या वाटेवर बोगदे आहेत आणि पावसात पाण्याच्या आवाजात घाट उतरणारी मालगाडी ऐकू येत नाही. बोगद्यात बाजूला व्हायला जागा किती असते, हे आमच्या डेपोतला एक जण तरुणपणी बघून आला होता. त्यानंतर तो रेल्वेच्या फाटकाशीसुद्धा गाडीतून उतरत नसे.

प्रश्न : चौथा महिना चालू आहे, तब्येत उत्तम आहे. मधल्या बाकावर बसून जीपने गेले तर चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. धबधबा तिथेच राहणार आहे. पुढच्या वर्षी तिघं या, आणि बाळाला घेऊन आलात तरी जीपने नाही, रेल्वेने.

प्रश्न : आजोबा, मी सहावीत आहे. आम्ही डिसेंबरमध्ये जाणार आहोत. जीप नदीत मध्येच बंद पडली तर काय करायचं? – र., इचलकरंजी

उत्तर : शाब्बास, मोठ्यांनी विचारायला हवा होता तो प्रश्न तू विचारलास. तू काहीच करायचं नाही, बसून राहायचं. ड्रायव्हर उतरेल. तिथे मागून-पुढून दुसऱ्या जीप येतच असतात, कुणाकडे तरी दोर असतो, ओढून काढतात. ड्रायव्हर लगेच पुन्हा चावी फिरवू लागला तर तू मोठ्याने म्हण, "काका, आधी पाणी बघा." तो हसेल, पण थांबेल. आमचीही पाच मिनिटं थांबली होती, बोनेट उघडून एक वायर पुसली आणि निघालो. तेवढ्यात जीपमध्ये आलेल्या पाण्याबरोबर माझी डावी चप्पल निघून गेली. तू बूट घाल.